तांतची फाईल

अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज म्हणजे एन-४००. २०१६ साली तो वीसेक पानांचा होता. सुरुवातीची पानं नाव, पत्ता, नोकरी, नवरा, मुलं यांत जातात आणि मग सरकारला खरं जे विचारायचंय ते सुरू होतं. तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीच्या नाझी सरकारसाठी काम केलंत का? कधी वेश्याव्यवसाय केलात का? अट्टल दारुडे होतात का? ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागातल्या आमच्या इमारतीत, माझ्या हैतियन शेजारीण तांत यांच्या स्वयंपाकघरात बसून मी एकेक प्रश्न वाचत होते आणि समोर त्या लसूण सोलता सोलता "नो, नो" करत होत्या. १९३३ मध्ये त्यांची आईसुद्धा जन्मली नव्हती. दारूच्या प्रश्नाला मात्र त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मिस्सेतली वाईन धरायची का?"

मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थनासभा. नाही धरायची, म्हटलं.

"मग नो."

माझाही अर्ज तिथेच शेजारी पडला होता. माझ्या मुलाला वाटत होतं, आईने आता मतदान करावं. नवऱ्याला वाटत होतं, दर वेळी व्हिसाच्या रांगेत उभं राहणं पुरे. मी एका डॉक्टरच्या दवाखान्यात बिलिंगचं काम करते, त्यामुळे अर्ज भरण्यात माझा हात बसलेला. म्हणून इमारतीतल्या निम्म्या लोकांचे कागद फिरत फिरत माझ्याकडे येत. तांतचे आले तेव्हा मी म्हटलं, चला, दोघींचं बरोबरच करू.

इमारतीतली सगळी पोरं त्यांना तांत म्हणायची. त्यांच्याकडे मावशी, आत्या, काकू सगळ्यांना तोच एक शब्द, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्या मला 'शेरी', म्हणजे लाडके, म्हणत. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न. हैतीच्या पश्चिम टोकाला, ग्रांदांस भागात जेरेमी नावाचं गाव आहे, तिथल्या. जेरेमीला ते लोक कवींचं गाव म्हणतात, आणि फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्युमाचे वडील जनरल द्युमा याच भागात जन्मले, हे तांत पहिल्या भेटीत सांगून टाकत. नवरा टॅक्सी चालवायचा, तो वारला होता. दोन मुली ब्रुकलिनमध्येच जन्मलेल्या. थोरली नर्सिंग शिकत होती, धाकटी शाळेत.

तांत होम अटेंडंट होत्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांचं करायचं. ओशन पार्कवेवरच्या एका नव्वदीच्या यहुदी बाईंकडे चोवीस तासांची पाळी असायची. न्यूयॉर्क राज्याचा नियम असा की अशा चोवीस तासांपैकी तेराच तासांचा पगार. आठ तास झोपेचे आणि तीन तास जेवणाचे, ते धरत नाहीत. ज्या घरी म्हातारी रात्रीतून चारदा उठते तिथे आठ तास झोपतं कोण, हा प्रश्न मला पडायचा. तांत त्या नियमाबद्दल कधी बोलल्या नाहीत. मी चिडले की म्हणत, "मला तेरा तासांचा हिशेब माहीत आहे आणि अकरा तासांचाही. अकरांचा दुसरीकडे लिहिलाय."

हिशेब हा शब्द मी उगाच वापरत नाही. तांतकडे एक काळ्या पुठ्ठ्याची जाड वही होती. तिची पाठ फाटून दोनदा पांढऱ्या चिकटपट्टीने सांधलेली. पुढून उघडली की सोल. सोल म्हणजे आपली भिशी, तंतोतंत. दहाबारा बायका दर पंधरवड्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि एकेकीचा नंबर येतो. कागद नाही, बँक नाही. चालवणाऱ्या बाईच्या शब्दावर सगळं. तिला मांमां सोल म्हणतात. माझी आजी वेंगुर्ल्यात भिशी चालवायची, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही, मी सरळ विचारलं, "जागा आहे का?" तांतनी मला वर्षभर पाहिलं आणि मग घेतलं. मधल्या पानांवर पिंपांचा हिशेब. निळं प्लॅस्टिकचं मोठं पिंप तांतच्या दारामागे कायम उभं असायचं. त्यात महिनोन्‌महिने तांदूळ, तेल, साबण, डबाबंद दूध, शाळेचे बूट भरत जायचे. भरलं की नोस्ट्रँड अॅव्हेन्यूवरच्या माल पाठवणाऱ्याकडे, तिथून जहाजाने हैतीत. कोणत्या पिंपातला कोणता बूट कोणाच्या पोराचा, हे वहीत लिहिलेलं. आणि वही मागून उघडली की मिस्सा. कोणाच्या नावाने कधी मिस्सा सांगितली, कोणाची सांगायची राहिली. मेलेल्यांची नावं, आजाऱ्यांची नावं, परीक्षेला बसलेल्या मुलांची नावं. तिन्ही हिशेब एकाच वहीत आणि तिन्हींत खाडाखोड नाही.

एन-४०० मध्ये गेल्या पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्या तारखांसकट लिहायच्या असतात. माझा त्यात घाम निघाला. जुनी तिकिटं, ईमेल, पासपोर्टवरचे पुसट शिक्के. तांतनी वही उघडली आणि तारखा वाचून दाखवल्या. त्या दर वेळी प्रवासाआधी सुखरूप पोचण्यासाठी मिस्सा सांगत, त्यामुळे प्रत्येक प्रवास मागच्या पानांत होता.

ग्रीन कार्ड मिळून पंधरा वर्षं झाली होती, मग इतकी वर्षं थांबल्या का? मी विचारलं. एक तर हैतीची १९८७ ची राज्यघटना. तिच्यात दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की हैतीचं संपत असे. २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ते कलम गेलं. तोवर तांतना घाई नव्हती. दुसरं, आई. ग्रीन कार्डवर आईवडिलांना बोलावता येत नाही. नागरिकालाच येतं, आणि नागरिकाने बोलावलं तर आईसाठी वर्षानुवर्षांची रांगही नसते. आई ब्याऐंशीची झाली होती. जेरेमीत एकटीच. २०१० च्या भूकंपाने राजधानी जमीनदोस्त केली तेव्हा जेरेमी वाचलं होतं, पण पोर्ट-ओ-प्रिन्समधला मुलगा, म्हणजे तांतचा धाकटा भाऊ, त्यात गेला. त्याचं नाव वहीच्या मागच्या बाजूला दर १२ जानेवारीला आहे.

खरी वादावादी झाली ती भाषेवरून. वय पंचावन्नच्या वर आणि ग्रीन कार्डला पंधरा वर्षं, असं असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत, सोबत दुभाष्या. तांत दोन्ही अटींत बसत होत्या. त्यांचं इंग्रजी कामापुरतं चांगलं होतं, पण घाबरल्या की शब्द पळायचे. मी म्हटलं, क्रेओलमध्ये द्या, काय बिघडलं? त्यांनी मान हलवली. थोरल्या मुलीने सांगून पाहिलं. फादरनी सांगून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

कारण त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून.

जेरेमीत त्या चर्चच्या ओसरीत मोठ्या माणसांना क्रेओल लिहायला-वाचायला शिकवायच्या. छोट्या छोट्या गटांनी बायबल वाचणारी आणि त्यातून गावाच्या प्रश्नांवर बोलणारी ही मंडळी. त्यांना 'ती लेग्लीझ', म्हणजे छोटं चर्च, म्हणत. फादर अरिस्टिड त्याच चळवळीतून पुढे आलेले, १९९० च्या डिसेंबरात निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले. ३० सप्टेंबर १९९१ ला लष्कराने त्यांना हाकललं आणि मग गावोगावी अशा गटांतल्या माणसांना शोधणं सुरू झालं. तांतच्या गटातला एकजण परत आला नाही. तांत होडीत बसल्या. अमेरिकन तटरक्षक दलाच्या जहाजाने भर समुद्रात उचललं आणि क्यूबातल्या ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर आणलं. त्या वर्षभरात तीस हजारांहून जास्त हैतियन असे पकडले गेले. तंबूंच्या रांगा, काटेरी तार, आणि एका टेबलामागे मुलाखत घेणारा अधिकारी. तुम्हाला परत जायची भीती वाटते का, का वाटते, एवढंच ठरवायचं. ज्यांचं पटलं असे सुमारे दहा हजार लोक अमेरिकेत अर्ज करायला सोडले, बाकीचे परत. मे १९९२ नंतर तर मुलाखतही बंद; होडी दिसली की सरळ हैतीकडे वळवायची.

"मी क्रेओलमध्ये बोलले," तांत म्हणाल्या. "खूप बोलले. दुभाष्या मध्येच हात वर करायचा, मग तो इंग्रजीत बोलायचा. मी पाच मिनिटं बोलले की तो एक मिनिट बोलायचा. चार मिनिटं कुठे गेली? त्याने माझं काय सांगितलं, मला आजपर्यंत माहीत नाही. त्याच्या तोंडावर माझा जीव होता आणि मला तो चेहरासुद्धा आठवत नाही."

मग हात पुसून म्हणाल्या, "या वेळी मी स्वतः बोलणार."

मी तो विषय परत काढला नाही.

अभ्यासाला आम्ही शनिवारी संध्याकाळी बसायचो. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यातले जास्तीत जास्त दहा विचारायचे, सहा आले की पास. शिवाय इंग्रजीचं एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं. मला पाठांतराची सवय, शाळेत इतिहासाचे सनावळे घोकलेले, मी यादी आठवडाभरात संपवली. तांत तशा नव्हत्या. त्यांना प्रत्येक उत्तरामागची गोष्ट हवी असायची आणि पटली नाही तर त्या पुढे जायच्या नाहीत. एकाहत्तरावा प्रश्न आला: १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून कोणता प्रदेश विकत घेतला? मी म्हटलं, लुईझियाना. पुढे.

"थांब. का विकला?"

ते विचारत नाहीत, तांत.

"मी विचारतेय."

आणि मग लसूण, कांदा, थाईम सगळं बाजूला सारून त्यांनी मला शिकवलं. हैती तेव्हा सँ-दोमँग होतं, फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत. गुलामांनी पिकवलेल्या साखरेवर आणि कॉफीवर फ्रान्स जगत होतं. गुलाम उठले. त्यांच्या पुढाऱ्याला, तुसां लुव्हर्त्यूरला, नेपोलियनने फसवून पकडून नेलं, फ्रान्सच्या थंड किल्ल्यात तो मेला. नेपोलियनने मेव्हण्याबरोबर मोठी फौज पाठवली होती. पीतज्वराने आणि तुसांनंतरचा पुढारी देसालीन याच्या माणसांनी ती खाल्ली, मेव्हणाही मेला. साखरेचं बेट गेलं, मग त्या साखर-बेटाला धान्य पुरवायला ठेवलेला लुईझियाना काय कामाचा? विकून टाकला. १८०३ च्या नोव्हेंबरात व्हर्तिएरची शेवटची लढाई, १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य. "यांचा देश दुप्पट झाला तो आमच्यामुळे," टेबलावर बोट आपटत तांत म्हणाल्या, "आणि आम्हाला देश म्हणून मान्य करायला यांना १८६२ उजाडलं. हे आहे का तुझ्या यादीत?"

नव्हतं. यादीत १९१५ ते १९३४ अमेरिकी मरीन सैनिक हैतीत तळ ठोकून होते, तेही नव्हतं. मी शाळेत फ्रेंच राज्यक्रांती शिकले, अमेरिकन शिकले. तिसरी एक राज्यक्रांती त्याच सुमारास झाली, गुलामांनी केली आणि जिंकली, हे मला चाळिशी ओलांडल्यावर फ्लॅटबुशमध्ये कळलं. हैती म्हटलं की लोक मला वूडूबद्दल विचारतात किंवा भूकंपाबद्दल. हे कोणी विचारत नाही.

त्याच दिवसांतली एक गंमत सांगते. चर्च अॅव्हेन्यूच्या दुकानात मला हिरवे, खरखरीत सालीचे गोल फळ दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. नीरफणस! वेंगुर्ल्याच्या घरामागे झाड होतं, आई त्याचे काप तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर लावायची. दोन घेऊन आले, एक तांतना दिला. त्यांचा चेहरा मी कधी इतका मोकळा पाहिला नव्हता. त्यांच्याकडे तो लाम वेरीताब, आणि ग्रांदांस भाग त्यावरच जगतो. तो उकडून मोठ्या लाकडी उखळात कुटतात, त्याचा चिकट गोळा होतो, तोमतोम म्हणतात. बरोबर भेंडीचं बुळबुळीत कालवण. चावायचं नाही, बोटाने गोळा तोडायचा, कालवणात बुडवायचा आणि सरळ गिळायचा. मी चावला. तांतची धाकटी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. माझे काप मात्र सगळ्यांना आवडले, पिकलिझ म्हणजे कोबी-मिरचीच्या झणझणीत लोणच्याबरोबर तर फारच.

फी ६८० डॉलर होती. तांतचा सोलचा नंबर शेवटचा. चालवणारी बाई शेवटी घेते, असा त्यांचाच नियम. ज्या बाईचा नंबर त्या महिन्यात होता ती आपणहून म्हणाली, मी थांबते. तांत तयार नव्हत्या, नियम मोडतो म्हणून. मग तिने सगळ्या बायकांसमोर विचारलं, सगळ्यांनी होकार दिला, वहीत तसं लिहिलं गेलं, तेव्हा कुठे त्यांनी पैसे घेतले. अर्ज वसंतात गेला, बोटांचे ठसे झाले, आणि मुलाखतीचं पत्र आलं ते ऑक्टोबरच्या शेवटाचं.

४ ऑक्टोबर २०१६ ला मॅथ्यू चक्रीवादळ हैतीच्या नैर्ऋत्य टोकावर आदळलं. चौथ्या श्रेणीचं. जेरेमीवर जवळजवळ एकही छप्पर राहिलं नाही. कॅथेड्रलचंही गेलं. पेती-गोआव्हजवळचा पूल वाहून गेला आणि दक्षिणेचा रस्ता तुटला. फोन तर आधीच गेलेले. तांतच्या घरात रेडिओ सोलेई दिवसरात्र चालू. बाया येत, खाली बसत, बातमी ऐकत, उठून जात. कोणी रडत नव्हतं. रडायला आधी काय झालंय ते कळायला हवं. तांतनी कामावर जाणं सोडलं नाही. मात्र घरी आल्या की वही उघडून बसत आणि ग्रांदांसमधली ज्यांची ज्यांची माणसं आहेत त्यांची यादी करत. कोणाचा पत्ता लागला, कोणाचा नाही. शेजारच्या पानावर चर्चच्या तळघरात काय काय जमलं: ताडपत्र्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, ओआरएस. २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून पटकी पसरली होती, वादळानंतर ती पुन्हा उसळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आधी गोळ्या, मग कपडे.

आईची खबर एका मोटरसायकलवाल्याकडून आली. ओळखीच्या ओळखीतला, लेकायच्या बाजूने रस्ता काढत गेलेला. म्हातारी शाळेच्या पक्क्या खोलीत होती, धडधाकट, आणि रागावलेली. घराचं छप्पर, कोंबड्या आणि नीरफणसाची तिन्ही झाडं गेली होती. छपराचं तिला विशेष वाटलं नव्हतं, पत्रा परत मिळतो. झाडं तिच्या सासूने लावलेली होती. मॅथ्यूत हैतीत पाचशेहून अधिक माणसं गेली. त्यातली काही नावं पुढच्या रविवारी वहीच्या मागच्या बाजूला चढली.

मी सुचवलं, मुलाखत पुढे ढकलून मागू. तांतनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ठेवायला उठले.

मुलाखतीच्या खोलीत मी नव्हते, बाहेर बसले होते. जे सांगते ते त्यांनी ट्रेनमध्ये सांगितलेलं. अधिकारी तरुण होता. त्याच्यासमोर त्यांची फाईल होती, वीतभर जाड, कडा कुरतडलेल्या. त्याने अर्जातले प्रश्न परत विचारले, नाझींसकट. कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र उचलाल का, असंही विचारतात, तांत म्हणाल्या, "येस, पण कायदा इतका वाईट दिवस बघेल असं वाटत नाही." तो हसला. वाचायचं वाक्य आलं, लिहायचं आलं. मग इतिहास. पहिले सहा प्रश्न, सहाही बरोबर, संपलं. लुईझियाना विचारलाच नाही. त्या याचीच तक्रार करत होत्या.

"मी त्याला म्हटलं, अजून विचार. तो म्हणाला, गरज नाही मॅडम."

आणि मग, उठता उठता, त्यांनी विचारलं होतं: या फाईलमध्ये ग्वांतानामोचा कागद आहे का? तो क्षणभर थांबला. म्हणाला, इथे दाखवता येत नाही, पण माहितीच्या कायद्याखाली अर्ज केलात तर फाईलची प्रत मिळते. क्यू ट्रेन मॅनहॅटन ब्रिजवर आली तेव्हा तांत म्हणाल्या, "तो अर्ज तू भरशील."

शपथविधी कॅडमन प्लाझाच्या फेडरल कोर्टात. दारात फोन काढून घेतात, आत ग्रीन कार्ड काढून घेतात. परक्या राजाची, राजपुत्राची निष्ठा सोडतो असं म्हणावं लागतं. माझा शपथविधी वेगळ्या दिवशी झाला आणि मला ते वाक्य जड गेलं. भारताचा कायदा दोन नागरिकत्वं चालू देत नाही. घरी येऊन पासपोर्ट रद्द करायला पाठवायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड. पासपोर्ट परत आला तो शिक्का मारून. तांतनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, हळहळल्या. त्यांना स्वतःला मात्र शपथेचं काही वाटलं नाही. "आमचा राजा क्रिस्तोफ १८२० मध्येच मेला. मेलेल्या राजाची निष्ठा सोडायला काय लागतं?" त्या पांढऱ्या पोशाखात आल्या होत्या, कपाळाला पांढरा रुमाल, जशा रविवारी जायच्या तशाच. सर्टिफिकेट मिळालं आणि त्या तिथून सरळ कामावर गेल्या, यहुदी बाईंची पाळी होती. बाईंनी म्हणे केक आणून ठेवला होता.

१ जानेवारीला इमारतभर सूप जुमूचा वास. गुलामांना जे सूप शिजवावं लागे पण खाता येत नसे, ते स्वातंत्र्याच्या दिवशी सगळ्यांनी प्यायचं. लिंबाने चोळून धुतलेलं गोमांस, भोपळा, कोबी, गाजर, सलगम, शेवटी मॅकरोनी. वर एक अख्खी मिरची तरंगत ठेवायची, फुटू न देता. वास उतरायला हवा, आग नको. मी गोमांस खात नाही, तर माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं. त्या वर्षी मिरचीवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे दिलं. मला वाटतं नागरिकत्व मला त्या दिवशी मिळालं, पण हे मी तांतना सांगितलं नाही, त्यांना असली वाक्यं आवडत नाहीत.

आईचे कागद लगेच गेले. वैद्यकीय तपासणी, राजधानीतल्या दूतावासातली मुलाखत, जेरेमीहून तिथवरचा प्रवास, सगळं होऊन म्हातारी २०१८ च्या वसंतात आली. लहानखुरी, काठीवर, दिवसभर खिडकीत. चर्च तिला आवडलं. ब्रुकलिनचा नीरफणस शिळा लागला, पाणी चवीला औषधासारखं, आणि मुली फार मोठ्याने बोलतात. ऑगस्टच्या २५ ला जेरेमीत सेंट लुईचा सण असतो. त्याला जायचं म्हणून ती ऑगस्टच्या सुरुवातीलाच परत गेली. इतकी खटपट करून आणलेली आई तीन-चार महिन्यांत परत जाते म्हणजे मला वाटलं, तांत कोसळतील. त्या तिच्या पिंपात पत्र्याचे खिळे भरत होत्या. नवीन छपराला लागणार होते.

मधल्या काळात, २०१७ च्या नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं की भूकंपानंतर हैतियन लोकांना दिलेलं तात्पुरतं संरक्षण, टीपीएस, संपवणार. चर्चमधल्या कितीतरी घरांत आईकडे टीपीएस आणि पोरं अमेरिकन. खटले झाले, न्यायालयाने स्थगिती दिली, मुदती वाढत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी नवे अर्ज. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात दोन टेबलं लागू लागली. एकावर मी अर्ज भरायला. दुसऱ्यावर तांत, एन-४०० वाल्यांना शिकवायला. तीस वर्षांपूर्वी ओसरीत शिकवायच्या, तशाच उभ्याने. एकाहत्तराव्या प्रश्नाला त्यांचा वर्ग अर्धा तास थांबायचा. शेवटी त्या बजावायच्या, ऑफिसरसमोर फक्त 'लुईझियाना' म्हणायचं.

फाईलची प्रत आली ती सीडीवर, बऱ्याच महिन्यांनी. शेकडो पानं. ग्रीन कार्डाचे अर्ज, ठसे, पत्ते बदलल्याची कार्डं. ग्वांतानामोची पानं फार थोडी, हाताने लिहिलेली, प्रत काढून काढून फिकट झालेली. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावला आणि बोटाने ओळ धरून स्वतः वाचलं. जेरेमीचं स्पेलिंग चुकलं होतं. आईचं नाव बरोबर. मग: चर्चमध्ये प्रौढांना वाचायला शिकवते. गटातला एक जण, त्याचं नाव, कधी नेला, कोणी नेला. सैनिक दोनदा घरी आले. ओसरीतला फळा फोडला.

"फळासुद्धा सांगितला," तांत म्हणाल्या.

दुभाष्याच्या नावावर काळी पट्टी होती. खासगी व्यक्तींची नावं अशी झाकूनच देतात.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्सा सांगायला चर्चच्या ऑफिसात गेल्या, मला बरोबर नेलं. तिथल्या सेक्रेटरी बाईंनी वही पुढे ओढली, पेन उघडलं. कोणाच्या नावाने? तांत म्हणाल्या, नाव माहीत नाही. बाई म्हणाल्या, नाव लागतं, फादर वेदीवरून वाचतात. जिवंत आहे की वारला? तेही माहीत नाही. मग कसं लिहू?

"लिहा," तांतनी आपली काळी वही उघडून मागचं पान त्यांच्यासमोर ठेवलं, "ग्वांतानामोचा दुभाष्या. देवाला माहीत आहे कोण ते. आणि जिवंत असेल तर तब्येतीसाठी, नसेल तर आत्म्यासाठी. दोन्हींचे पैसे घ्या."